पोट उडतंय का?

माझ्या आईला शेवटपर्यंत 'न्यूमोनिया' म्हणता आलं नाही. ती 'निमोनी' म्हणायची, तेही डॉक्टरांसमोर. घरात तिचा शब्द वेगळा होता. तान्ह्याचं झबलं वर करायची, बरगड्यांच्या खाली नजर लावून थोडा वेळ गप्प बसायची आणि सांगून मोकळी व्हायची, "पोट उडतंय याचं." किंवा, "नाही उडत. नुसतं घुरघुरतंय, जाईल चार दिवसांत."

१९८७ च्या श्रावणात माझा थोरला दहा महिन्यांचा होता. झड लागलेली, इंद्रायणी भरून चाललेली, घरात दोरीवर लंगोट वाळत नव्हते. आई म्हणाली, पोट उडतंय. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून, टायपिंगची परीक्षा पास झालेला. म्हटलं, "कफ झालाय आई, दुसरं काही नाही." मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणली, अर्धा चमचा दिलं. पोरगं तासाभरात झोपलं. मी आईकडे विजयी नजरेनं बघितलं. आईनंही तिच्या परीनं हातभार लावला होता. छातीला वेखंडाचा लेप दिला आणि 'दुधानं कफ वाढतो' म्हणून सुनेला अंगावर पाजू दिलं नाही.

दुसऱ्या रात्री पोर दूध ओढेना. स्कूटरवरून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी काही विचारलंच नाही. झबलं वर केलं, मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि घड्याळाकडे अन् पोटाकडे आळीपाळीनं बघत पूर्ण मिनिटभर उभे राहिले. इतका वेळ गप्प उभा राहिलेला डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. मग म्हणाले, "बासष्ट. कधीपासून?" मी म्हटलं, कालपासून. मागून आई म्हणाली, "परवापासून उडतंय. हा ऐकतोय होय!"

मुलगा बरा झाला. आता तो चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे आणि स्वतःच्या पोरांना खोकला झाला की मोबाइलवर शोधतो. पण ते मिनिट माझ्या डोक्यातून गेलं नाही. आईला खूण कळत होती, उपाय चुकत होता. मला खूणही कळत नव्हती, उपायही कळत नव्हता. बाटलीचं नाव तेवढं पाठ होतं. गेल्या चाळीस वर्षांत आमच्या देहूपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात माझ्यासारख्यांचीच संख्या वाढत गेली, असं माझं म्हणणं आहे. आपण आजार ओळखण्याची भाषा घालवली आणि तिच्या जागी औषधांची नावं आणून ठेवली. हे अडाणीपणामुळे झालं असं कुणी म्हणत असेल, तर मला ते मान्य नाही. ते वेळेमुळे झालं. कसं, ते सांगतो.

आधी भाषेचं बघू. पोट उडतंय. टाळू बसलीय. डोळे खोल गेलेत. दूध ओढत नाही. पोर मलूल पडलंय, हाक मारली तरी बघत नाही. पोटात काही ठरत नाही. या शब्दांत आजाराचं नाव एकही नाही. प्रत्येक शब्द म्हणजे डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. आता जागतिक आरोग्य संघटनेनं पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ठरवलेल्या धोक्याच्या खुणा बघा : पिता न येणं, सगळं उलटून पडणं, झटके येणं, सुस्ती किंवा बेशुद्धी. त्यांच्या जोडीला जलद श्वास, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, डोळे खोल जाणं, पोटाच्या कातडीची चिमूट सोडल्यावर ती सावकाश सपाट होणं. जिनिव्हात बसलेल्या तज्ज्ञांची यादी आणि आमच्या ओसरीवरची यादी यांत फार फरक नाही.

आणि आजचे शब्द? व्हायरल आहे. इन्फेक्शन आहे. कफ आहे. पेशी कमी झाल्यात. यातलं काय डोळ्यांना दिसतं? 'कफ आहे' म्हटलं की बघण्यासारखं काही उरतच नाही, फक्त बाटली उरते.

जुन्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. टाळू बसलेली अचूक ओळखणारी आजीच पुढं टाळूवर तेल थापायची, आणि जुलाबानं सुकलेल्या पोराला पाणी पाजायचं राहून जायचं. पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याच्या बातम्या मेळघाटातून अजून येतात. ताप आला की जेवण तोडायचं, बाळाच्या डोळ्यांत काजळ भरायचं, दात येताहेत म्हणून जुलाब दुर्लक्षित करायचे, या गोष्टींनी पोरं गेली आहेत. दातांमुळे जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल हाताला येईल ते तोंडात घालतं, म्हणून होतात. जुन्या बायकांचं बघणं चोख होतं, औषधपाणी बहुतेक वेळा चुकीचं होतं. शहाणपणा बघणं ठेवून औषधपाणी बदलण्यात होता. आपण दोन्ही एकदम टाकलं.

ज्यांनी टाकलं नाही, त्यांचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. त्याचं मूळ मात्र बाहेरचं : ऐंशीच्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे की नाही, हे स्टेथोस्कोप आणि एक्स-रे नसतानाही श्वास मोजून बऱ्यापैकी कळतं. त्यातून पुढे आकडे ठरले. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असले तर जलद. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ मध्ये हे काम हाती घेतलं, तेव्हा अडचण अशी की गावातल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक साधं यंत्र आलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सळईवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि ठरलेलं औषध सुरू करायचं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. अशा रीतीनं उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या ६१२ मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. जिथं हे काम नव्हतं त्या शेजारच्या गावांत १३.५ टक्के.

त्या मण्यांची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. लाल मणी सरकला नाही तर प्रतिजैविक द्यायचं नाही, हेही ते यंत्र सांगत होतं. गडचिरोलीत औषध पोचत नव्हतं म्हणून मुलं मरत होती. आमच्याकडे दर शंभर पावलांवर मेडिकल आहे आणि साध्या सर्दीच्या पोराच्या पोटात आठवड्याला एक अँटिबायोटिक जातं. रोग उलटा, पण मोजणी दोन्हीकडे तीच. मग ती इथं का होत नाही? आमच्या पट्ट्यात साठपर्यंत मोजता न येणारी आई क्वचितच सापडेल. घड्याळ प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. नाही ते मिनिट.

आता मी माझ्या धंद्यावर येतो. पहिल्यांदा भोसरीत आणि नंतर चाकणला, मिळून एकतीस वर्षं मी हजेरी सांभाळली. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका कारखान्याची नाहीच. फर्स्ट, सेकंड, नाईट. आठवड्यानं पाळी बदलते. कायम कामगार कमी, ठेकेदाराचे जास्त. महिन्यात एकही खाडा नसेल तर हजेरी भत्ता. एक खाडा झाला की त्या दिवसाचा पगार जातो आणि वर भत्ताही जातो, म्हणजे एका दिवसाची किंमत दोन-तीन दिवसांची होते. ठेकेदाराच्या माणसाचे महिन्यात तीन खाडे झाले की चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. रजेच्या अर्जावर कारणाचा रकाना असायचा. तिथं 'मुलगी आजारी' लिहिलेले अर्ज परत यायचे. सुपरवायझर विचारायचा, "तू डॉक्टर आहेस का? घरी बाई नाही का?" मग लोक शिकले. मुलगी तापानं फणफणलेली असायची आणि पोटदुखीचं सर्टिफिकेट बापाचं यायचं. हे सगळे कागद माझ्या हाताखालून गेले, त्यावर मी शिक्के मारले. म्हणून सांगतो, दोष माझाही आहे.

'घरी बाई नाही का?' या प्रश्नाचं उत्तर देहूत, येलवाडीत, तळवड्यात, चिखलीत दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये मिळतं. बाई आहे, पण तीही दुसऱ्या गेटवर पंचिंग करते. पोट उडतंय म्हणणारी आजी परभणीकडं नाहीतर बुलढाण्याकडं राहिली. ती रात्री व्हिडिओ कॉलवर दिसते, पण त्यात पोराचं तोंड दिसतं, पोट दिसत नाही.

अशा घरात पोराला खोकला झाला तर आईबापांपुढं प्रश्न काय असतो? 'याला काय झालंय' हा नंतरचा. पहिला प्रश्न, 'उद्या याच्यापाशी कोण थांबणार?' सर्दी-खोकला आठ-दहा दिवस राहतो, कधी खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. तितके दिवस लक्ष ठेवायचं, नाक मोकळं करायचं, थोडंथोडं पाजत राहायचं, वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध द्यायचा, रोज दोनदा श्वास मोजायचा. हे सगळं बिनपैशाचं आहे आणि म्हणूनच परवडत नाही. दवाखान्यात गेल्यावर 'काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या ड्युटी आहे' असं जे म्हटलं जातं, त्यात 'स्ट्राँग' हा शब्द पोराच्या रोगासाठी नसतो, सुपरवायझरसाठी असतो. आणि समोर रांगेत चाळीस पेशंट असलेला डॉक्टरही काय करील? समजावायला दहा मिनिटं लागतात, सुई टोचायला एक.

हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात बायका कामावर जाताना तान्ह्या बाळाला बाळगोळी द्यायच्या. बाळगोळीत अफू असायची. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंना गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला सांगितलं, तेव्हा त्यांना अफू न मिळणारं तान्हं बाळ शोधावं लागावं अशी स्थिती दिसली. सुशिक्षित लोकांनी त्या बायकांच्या अज्ञानाबद्दल हळहळ व्यक्त केली. पण त्या बायकांना ठाऊक होतं की गोळीनं पोर झोपतं, आणि झोपलेलं पोर दहा-बारा तास एकटं ठेवता येतं. भोंगा वाजायचा, गोळी जायची. ती आईनं शोधलेली व्यवस्था होती, कारण दुसऱ्या कुणी केली नव्हती.

माझ्या १९८७ च्या बाटलीत अफू नव्हती. पण सर्दीच्या बहुतेक सिरपांत झोप आणणारं अँटिहिस्टामिन असतंच, आणि माझं पोरगं त्यानंच झोपलं होतं. 'पोर झोपलं म्हणजे आराम पडला' ही समजूत बाळगोळीपासून सिरपपर्यंत जशीच्या तशी चालत आली. तिच्यातला धोका नीट बघायला हवा. मूल सुस्त होणं, उठवूनही न उठणं ही धोक्याची पहिल्या क्रमांकाची खूण. सिरप नेमकी तीच खूण तयार करतं. मग रात्री अकराला मूल पडून आहे, ते औषधानं की आजारानं, हे आईनं ओळखायचं कसं?

औषधातच विष निघालं तर काय, तेही आपण पाहिलं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून जास्त मुलं खोकल्याच्या सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. बरीचशी पाच वर्षांखालची. नागपूरच्या दवाखान्यांत त्यांना आणलं जात होतं. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के सापडलं, चालतं ते ०.१ टक्क्याच्या आत. याच रसायनानं १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले होते, ग्लिसरीनमधून. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं तेव्हा औषध प्रशासनाची लक्तरं वेशीवर टांगली. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच. भेसळ करणाऱ्यांना शिक्षा व्हावी हे खरंच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट टोचते. त्यातल्या बहुतेक मुलांना मुळात साधा सर्दी-खोकला होता. सिरप शुद्ध असतं तरी त्यांना त्याची गरज नव्हती. केंद्र सरकारनं त्या ऑक्टोबरातच सूचना काढली की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा वापरू नयेत. ही सूचना आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या काउंटरवर चिकटवलेली मला अजून दिसली नाही.

जुलाबाची गोष्ट वेगळी, तिथं भाषा आणि वेळ दोन्हींची फसवणूक आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून पालखीचं प्रस्थान होतं, मागोमाग पाऊस लागतो आणि मागोमाग जुलाब. पाणी टँकरचं की बोअरचं, टीसीएल पावडर टाकली की नाही, याची चौकशी आपण रोगराई आल्यावर करतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे गुलेन-बारीचे रुग्ण निघाले तेव्हा साऱ्या पुण्यानं महिनाभर पाणी उकळलं. घरात मात्र पोराला पाचवा जुलाब झाला की एकच मागणी येते, "सलाईन लावा." सलाईन म्हणजे काही अमृत नव्हे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि बाकी पाणी. ज्या मुलाला पिता येतं, त्याला शिरेतून देऊन वेगळं काही साधत नाही. पिता येत नसेल, पोर गुंगीत असेल, तर मात्र तेच जीव वाचवतं, आणि तेव्हा घरी बसायचं नसतं.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती. सलाईन संपलं. तेव्हा दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञानं ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात विरघळवून पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि पाजायचं काम नातेवाइकांवरच सोपवलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ज्यांनी पाजलं ते डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. आई, बाप, बहीण, जी कुणी शेजारी बसून होती ती. ओआरएसच्या यशात साखर-मिठाइतकाच वाटा त्या शेजारी बसण्याचा आहे, कारण ते घोटाघोटानं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत, असं तासन्‌तास पाजावं लागतं. पाळणाघरात सोडून ड्युटीला गेलेल्या आईला ते कसं जमणार? म्हणून ती सलाईन मागते. एक तास, टपटप, काम झालं.

त्यात पाकिटाचीही गंमत आहे. २०.५ ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. आमच्या समोरच्या खोलीत मी पाहिलं, पोरगं एवढं कुठं पिणार म्हणून अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलेलं. इतकं खारट पाणी उलट पोराला सुकवतं. थोडंथोडं लागणार असेल तर २०० मिलीचं लहान पाकीट मिळतं. तेही नसेल तर लिटरभर उकळलेलं पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सोबत पेज, ताक, वरणाचं पाणी, अंगावरचं दूध चालूच. आणि १४ दिवस झिंकची गोळी, जी आशाताईकडं फुकट मिळते आणि बहुतेक घरांत तीन दिवसांनी डब्यात पडून राहते. 'ओआरएस' नाव मिरवणारी गोड पेयं वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये खऱ्या पाकिटाच्या शेजारी मांडलेली होती. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी आठ वर्षं पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नाव वापरायला बंदी झाली. शब्दच चोरला गेला होता.

तापाबद्दल थोडक्यात. ताप डोक्यात जात नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटका येतो, तो बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबतो. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही, झटका थांबला की डॉक्टरांकडं न्यायचं, न थांबला तर लगेच. तान्ह्याला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, १००.४ च्या वर ताप असेल तर मात्र वाट बघायचीच नाही. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. दहा किलोच्या पोराला दीडशे. ते थेंबांच्या बाटलीतून दीड मिली होतं, १२० च्या सिरपमधून सव्वासहा आणि २५० च्या सिरपमधून तीन. तीन बाटल्या, तिन्हींवर जवळपास तेच नाव, आणि रात्री दोनला घरात एकच चमचा. डेंगूत तर ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त जोखमीचे असतात. पोटात दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार पडणं तेव्हाच सुरू होतं. आणि ताप उतरला म्हणून आईबाप नेमके त्याच दिवशी कामावर जातात.

दम्याच्या पंपाबद्दल तर मी रोज भांडतो. तुकोबांच्या पहिल्या पत्नीला दमा होता असं चरित्रकार सांगतात. त्या काळी काही उपाय नव्हता. आज आहे, तर त्याच गावात 'पंपाची सवय लागते' म्हणून पोराला पंप देत नाहीत. धुरळा आणि धुराच्या रस्त्यावर राहणाऱ्या पोराला महिन्याला दवाखान्यात वाफ द्यायला नेतात, आणि स्टिरॉइडच्या भीतीनं पंप टाळून स्टिरॉइडचंच सिरप पाजतात. पंपातला डोस त्याच्या तुलनेत कितीतरी कमी असतो.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो डॉक्टर मित्रांकडून येतो : "तुम्ही आयांना घरी बसून निदान करायला शिकवताय. चुकलं तर?" चुकू शकतं. पण आज जे चाललंय ते निदानच आहे, फक्त न बघता केलेलं. मेडिकलवाल्याला 'खोकल्याचं द्या' म्हणणं हेसुद्धा निदान आहे. श्वास मोजणारी आई डॉक्टरला टाळत नाही. ती कधी धावत यायचं आणि कधी नाही हे ठरवते. याच इंद्रायणीच्या शेवटी, तुळापूरच्या संगमाशेजारी वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकापासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवून दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या त्या मुख्य होत्या, त्यांना डॉक्टरकीचं महत्त्व कुणी सांगायची गरज नव्हती. पण गावात रात्री डॉक्टर नसतो, बाई असते, हे त्यांनी ओळखलं. आमच्या खोल्यांमध्ये अडचण इतकीच की रात्री बाईही असेल याची खात्री नाही.

म्हणून मी आरोग्य शिक्षणाच्या पोस्टरांवर फार भिस्त ठेवत नाही. कायदा काय देतो? २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आहे. चांगलंच आहे, पण तापलेलं पोर कुठलंही पाळणाघर घेत नाही, आणि घेऊही नये. ईएसआयसीत, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या मुलाला उपचार मिळतात. कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. मूल आजारी पडलं तर औषध मिळतं, दिवस मिळत नाही. बापाची ती पोटदुखीची सर्टिफिकेटं याच फटीतून यायची.

स्वीडनमध्ये १९७४ पासून आजारी मुलापाशी थांबणाऱ्या आईला किंवा बापाला सामाजिक विम्यातून पगाराचा मोठा हिस्सा मिळतो, आता एका मुलामागं वर्षाला १२० दिवसांपर्यंत. त्याला त्यांच्या भाषेत चक्क एक क्रियापद आहे, 'वाब्बा'. 'आज मी वाब्बतोय' म्हटलं की साहेब पुढं काही विचारत नाही. फेब्रुवारीत पोरं फार आजारी पडतात म्हणून त्या महिन्यालाच ते विनोदानं 'वाब्रुवारी' म्हणतात. चिंचवड, दापोडी, चाकणला स्वीडिश कंपन्या कैक वर्षं आहेत. त्यांच्याबरोबर बेअरिंग आलं, पॅकिंगचं यंत्र आलं. क्रियापद आलं नाही, कारण ते कंपनीचं नसतं, देशाचं असतं. आपल्याकडे त्यासाठी शब्द आहे तो 'खाडा'. स्वीडन श्रीमंत आहे, आपल्याला कसं परवडणार, हे मीही टाइम ऑफिसात बसून म्हणत आलो. पण अँटिबायोटिक, सलाईन, वाफ, आठवड्याला दोनदा दवाखाना, हा खर्च आपण करतोच आहोत. फक्त तो कामगाराच्या खिशातून आणि पोराच्या आतड्यातून जातो, म्हणून कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही. वर्षाला दहा दिवसांची, मुलाच्या आजारपणाची म्हणून नाव घेऊन मागता येईल अशी रजा, ठेकेदाराच्या माणसालाही, आणि तिच्यामुळे हजेरी भत्ता न कापणं : एवढंच सुरुवातीला पुरे.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या खोलीतला पोरगा जिन्यात भेटला. वय पंचवीस असेल, मूळचा सेलूकडचा, मुलगी दीड वर्षाची. सेकंड शिफ्ट, अंगावर कंपनीचा शर्ट. मोबाइल पुढं करून म्हणाला, "काका, जरा बघा ना, हिचं पोट उडतंय का? गावाकडून आई विचारतीय." व्हिडिओ वीस सेकंदांचा होता, त्यातही अर्धा वेळ पोरगी कॅमेरा ओढत होती. म्हटलं, असं नाही. झोपेत असताना काढायचा, फ्रॉक वर करून, पूर्ण एक मिनिट. त्यानं बायकोला फोन लावला. ती त्या आठवड्यात फर्स्टला होती, नुकतीच परतलेली, आवाज थकलेला. दहा मिनिटांनी व्हिडिओ आला. जिन्यातच बसून आम्ही दोघांनी मोजलं. माझे छत्तीस आले, त्याचे अडतीस. दूध पितेय का, खेळतेय का, विचारलं. पितेय म्हणाला, मघाशी कुकरची शिट्टी लपवून ठेवली म्हणाला. रात्री परत मोजायला सांग म्हटलं, चाळीस झाले तर थांबायचं नाही. "रात्री मी साडेबाराला येतो," तो म्हणाला, "ती तर झोपून गेलेली असंल, पहाटे परत फर्स्टला जायचंय तिला." खाली कंपनीची बस आली होती. धावत जाऊन चढला. बस येलवाडीच्या दिशेनं वळली तेव्हा खिडकीतून त्यानं मोबाइल दाखवून काहीतरी खूण केली. मला वाटतं अलार्म लावतो म्हणत होता.